शिकागो अकरा तास

१६ सप्टेंबर १९९७, मंगळवार
ही डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. पत्र्याच्या कंपनीनं फुकट दिलेली. आजपासून लिहायची. रोज. कारन आता लिहिन्याजोगं काम निघालंय.
शिवकन्याला दिवस गेलेत. पहिलं बाळंतपन माहेरी, ही आपली रीत. पन पोरगी शिकागोत, आनि तिथला डॉक्टर म्हनतो आता विमानात बसायचं न्हाई. रुद्रेश, म्हंजे जावई, फोनवर म्हनला, मामा, ती येत न्हाई तर माहेरच इकडं धाडा. म्हंजे तिच्या आईला, मल्लम्माला. पासपोर्ट झाला, व्हिसाचा शिक्का बी बसला. तिकीट त्यानंच काढून धाडलंय. तारीख तेवढी उघडी हाय. आपन औरंगाबादच्या एजंटाला फोन करून सांगायची.
डॉक्टरनं पंचवीस नोव्हेंबर दिलीय. रुद्रेश म्हनतो, ऑक्टोबरातच येऊ द्या. मल्लम्मा म्हनली, मी तर उद्या बी निघंन, लेकीची पहिली येळ हाय.
तारीख मी ठरवनार. फुकटचा गोंधळ मला खपत न्हाई.

१७ सप्टेंबर, दुपारी
तिकिटाबरोबर टायमाचा कागद हाय. चष्मा पुसून नीट वाचला. लोक उगं भ्या घालतात.
मुंबईहून निघनार रात्री दोनला. सकाळी साडेसहाला फ्रँकफर्ट. ते जर्मनीत हाय. तिथं गाडी बदलायची. दहाला दुसरं विमान. शिकागोत पोच दुपारी एक.
दोन ते एक. अकरा तास.
परत मोजलं. अकराच. धारूर-मुंबई रातरानीला अकराच लागतात. त्यातबी जर्मनीत साडेतीन तास हॉल्ट. तो काढला तर चालायचे साडेसातच.
अन् ह्यासाठी लोक निरोप देताना रडतात.

१८ सप्टेंबर
चौकात सांगितलं. बबनराव लगेच आडवा आला. त्याचं एसटीडी बूथ हाय अन् एकदा कारखान्याच्या मंडळींबरोबर विमानानं दिल्लीला गेलता. त्याला आता चार वर्सं झाली, पन अजून विमानातून उतरला न्हाई. म्हनला, मन्मथप्पा, दिल्लीलाच मला दोन तास लागले. शिकागो अकरात कसं होईल बे?
म्हनलं, तुझं विमान देशी होतं.


२१ सप्टेंबर, रविवार
खातरी करावी म्हनून शाळेत गेलतो. योगीराज मास्तर भूगोल शिकवितो, त्याच्याकडं जगाचा मोठा नकाशा हाय. दुकानातली सुतळी संगं नेली. तीस वर्सं दोर अन् कासरे मोजून विकतो, मोजायचं मला कोनी शिकवू नये.
नकाशात धारूर न्हाई. बीड बी न्हाई. असला नकाशा. मग मुंबईवर बोट ठेवलं.
मुंबई ते फ्रँकफर्ट एक वीत. फ्रँकफर्ट ते शिकागो दीड वीत. पन कागदावर पहिल्याला साडेचार तास अन् दुसऱ्याला तीन. लांबचं लवकर अन् जवळचं उशिरा. मिनिटभर इचार केला. मग लक्षात आलं. दुसऱ्या टप्प्याला खाली सगळा समुद्र हाय. गाव न्हाई, फाटा न्हाई, थांबायची सबबच न्हाई. पहिल्यात सगळी गावं लागतात.
मास्तर म्हनला, अप्पा, विमान असं सरळ सुतळीवानी जात न्हाई, वरून वाकून जातं. म्हनलं, रस्ता मोकळा असताना कशाला वाकून जाईल?
त्याच्याकडं जबाब न्हवता. म्हंजे होता, पन मला दुकान उघडायचं होतं.

२४ सप्टेंबर
परतीचा टाईम आज पाह्यला. शिकागोहून दुपारी तीनला निघतं अन् मुंबईत दुसऱ्या दिवशी रात्री बाराला. तेहतीस तास.
जाताना अकरा, येताना तेहतीस. मल्लम्मा म्हनली, आवो, कागदात कायतरी चूक असंल, मास्तरला दाखवा. म्हनलं, कागदात चूक न्हाई, तुला घाट म्हाईत न्हाई. तेलगावहून धारूरचा घाट चढताना यष्टी कशी कन्हत येते, अन् उतरताना कशी सुटती? तसंच. शिकागो खाली हाय. नकाशात बी आपल्या डाव्या हाताला, उताराला. येताना चढ.
ती पीठ मळत ऱ्हायली. पटलेलं दिसतंय.

२८ सप्टेंबर
योगीराज मास्तर घरी आला. मल्लम्मानंच बोलावलं असनार. बॅटरी अन् मोसंबी घेऊन आलता.
मोसंबीवर बॅटरी मारली. म्हनला, अप्पा, ही पृथ्वी. इकडं उजेड तवा तिकडं अंधार. म्हनलं, ते मला कळतं. पोरगी फोन करती तवाच म्हनती, इथं रात्र हाय. मग म्हनला, त्यामुळं तिथलं घड्याळ आपल्या मागं हाय, साडेअकरा तास. म्हनलं, मागं असंल तर त्यानं दुरुस्त करून घ्यावं. आपलं घड्याळ मी रेडिओच्या बातम्यांवर लावतो, एका मिनिटाचा फरक न्हाई.
तो म्हनला, अप्पा, तसं न्हाई. म्हनलं, मास्तर, तास म्हंजे तास. इथं बी साठ मिनिटांचा, तिथं बी साठ मिनिटांचा. दिवस असू दे न्हाईतर रात्र.
ह्यावर त्यानं बॅटरी बंद केली. मल्लम्मानं त्याला चहा दिला. मोसंबी मी खाल्ली. आंबट होती.

४ ऑक्टोबर
शिवकन्याचा फोन. बबनरावच्या बूथवर. सारं गाव ऐकतं, कारन बबनराव पंखा बंद करून ऐकतो.
पोरगी म्हनली, अप्पा, आईला कधी धाडता? इथं मला कोन न्हाई. रुद्रेश सकाळी जातो तो संध्याकाळी येतो.
म्हनलं, येडे, घाबरू नको. आई लांब न्हाई, अकरा तासांवर हाय. पहिल्या बाळंतपनाला कळा अठरा-वीस तास चालतात, असं शेजारची भिवराबाई म्हनती, तिनं बायकांची बाळंतपनं केलीत. तुला कळ आली की फोन कर. आई निघती अन् तुझ्याआधी पोचती.
तिकडून आवाज आला न्हाई. लाईन खराब असावी.

४ ऑक्टोबर, संध्याकाळी
हिशोबात एक राह्यलं. मुंबईपतोर जायचे अकरा तास धरले न्हवते. ते धरले तर बावीस. म्हंजे कळा येन्याच्या आदल्या दिवशी तिनं फोन करायचा. पुढच्या फोनला तसं सांगायचं.

९ ऑक्टोबर
मल्लम्मानं आज सरळ इचारलं. तुमी मला धाडनार हाय का न्हाई?
म्हनलं, धाडनारच. पन दिवाळी तोंडावर. दुकानात गर्दी. पाडव्याला तू न्हाईस तर मला ओवाळनार कोन? दिवाळी झाली की लगेच. वीस नोव्हेंबर पक्की.
ती म्हनली, पंचवीसला बाळंतपन अन् वीसला निघायचं? म्हनलं, चार दिवस मोकळे ऱ्हातात. चार दिवस तू तिथं काय करनार?
शिवाय म्हैस हाय. ती मल्लम्माबिगर कोनाला पान्हा सोडत न्हाई. मला तर उभं बी राहू देत न्हाई. तिची सवय हळूहळू करावी लागनार. ह्यात माझं काही न्हाई. म्हशीचंच हाय.

१२ ऑक्टोबर
ठराव. मल्लम्मा नसताना घर मी चालवनार. भिवराबाई म्हनली, अप्पा, भाकरी मी देत जाईन. म्हनलं, नको. मानसाला काय, चहा, पिठलं, भात. त्यात काय हाय.
आज चहा केला. जमला. साखर अन् मीठ एकसारख्याच डब्यांत ठेवायची ह्या घराला खोड हाय, ती मोडली पायजे.

१४ ऑक्टोबर
पिठलं केलं. दगडावानी झालं. मल्लम्मानं तव्यावर परतून खाल्लं, म्हनली, वडी म्हनून बरं हाय. मी शिकतोय. वीस नोव्हेंबरला येळ हाय.

१८ ऑक्टोबर, शनिवार
तालीम म्हनून मल्लम्माला दोन दिवस वडवनीला तिच्या भावाकडं धाडलं. मी एकटा कसा ऱ्हातो ते तिनं बगावं.

१९ ऑक्टोबर, रविवार
वडवनीला जाऊन तिला घेऊन आलो. सकाळची यष्टी मोकळी होती. असली मोकळी गाडी सोडून चालत न्हाई.
तिचा भाऊ म्हनला, दाजी, कालच तर आली. म्हनलं, तालीम झाली. चांगली झाली.
म्हशीनं काल दूध दिलं न्हाई.

२ नोव्हेंबर
दिवाळी झाली. पाडव्याला मल्लम्मानं ओवाळलं. ताटात काय घालू म्हनलं तर म्हनली, तारीख घाला. भिवराबाई हसली. बायकांना सनासुदीला बी तकरार.
एजंटाला सोमवारी फोन करायचा.

३ नोव्हेंबर, सोमवार
बूथवर गर्दी होती. उद्या.

४ नोव्हेंबर
एजंट म्हनला, वीसला जागा हाय, पन आत्ता पक्की करा. म्हनलं, दोन दिवसांत सांगतो. मल्लम्माला सर्दी झालीय. एकदाच शिंकली, पन अशी सर्दी वाढती.

७ नोव्हेंबर, शुक्रवार, सकाळी
बबनराव पळत दुकानात आला. त्याला पळताना मी पहिल्यांदाच पाह्यलं. रुद्रेशचा फोन.
रुद्रेश म्हनला, मामा, डॉक्टरनं आज तपासलं. म्हनतात, पंचवीसची वाट बगू नका, आता कधीबी. शिवकन्या रडतीय. आईला आजच निघता येईल का?
म्हनलं, बिनघोर ऱ्हा. सगळं हिशोबात हाय.
एजंटाला फोन लावला. उद्याच्या रात्रीची, म्हंजे इतवारी पहाटे दोनची एक जागा मिळाली. मल्लम्मा तवर पिशवी भरून दारात उभी. धाकटी पिशवी. म्हनलं, एवढ्यात कधी भरली? म्हनली, दसऱ्याला.
संध्याकाळच्या गाडीनं आमी दोघं मुंबईला. म्हैस भिवराबाईकडं.

८ नोव्हेंबर, शनिवार, मुंबई
विमानतळाजवळ एका लॉजात दिवसभर पडून. मल्लम्माला सगळं समजावून सांगितलं. जेवन करून बसायचं अन् दुपारी जेवायला लेकीकडं. म्हनून धपाटे नेऊ नको, उगं ओझं. तिनं नेले. दहा धपाटे अन् शेंगाची चटनी. सकाळी लिंगपूजा कुठं करू, म्हनली. म्हनलं, जर्मनीत उतरशील तवा कर, साडेतीन तास हाईत.
तिला इंग्रजी येत न्हाई, आकडे येतात. माझं घड्याळ काढून तिच्या हाताला बांधलं. म्हनलं, कोनाला काही इचारायचं न्हाई. ह्यात एक वाजला की समज शिकागो आलं. उतरायचं. शिवकन्याकडचं कोनीतरी दारात असंल.
ती म्हनली, मास्तर तर म्हनत होता... म्हनलं, मास्तर विमानात बसलाय का कधी?
तवा ती म्हनली, तुमी तरी कुठं बसलाव?
ह्या बाईला निघताना बी वाद घालायचा असतो.

९ नोव्हेंबर, इतवार, सकाळी साडेसहा, मुंबई यष्टी स्टँड
रात्री तिला आत सोडलं. काचेच्या पलीकडं गेल्यावर तिनं मागं वळून पाह्यलं न्हाई. पिशवी घट्ट धरून चालली होती. बरं झालं, वळून पाहनं म्हंजे फिजूल गोंधळ.
आत्ता जर्मनीत उतरली असंल. मी सातच्या गाडीनं निघतो. म्हंजे मी नगरच्या आसपास असंन तवा ती लेकीच्या घरी. मानूस यष्टीत अन् बायको शिकागोत. काय दिवस आले.

त्याच दिवशी, दुपारी एक
नगरच्या अलीकडं गाडी चहाला थांबली. घड्याळ तिच्याकडं हाय, कंडक्टरला इचारलं. एक वाजला.
पोचली.
काम फत्ते. कंडक्टरला चहा पाजला. त्यानं कशापायी म्हनून इचारलं. म्हनलं, बायको आत्ता शिकागोला उतरली. त्यानं माझ्याकडं पाह्यलं अन् दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसला. यष्टीतल्या लोकांना बाहेरच्या जगाची म्हाईती न्हाई.

त्याच दिवशी, रात्री नऊ, धारूर
दिवसाची गाडी दोन तास जास्त घेती, आठला उतरलो. घरी न जाता बूथवर. शिकागो लाव म्हनलं. बबनरावनं पंखा बंद केला.
रुद्रेशनं उचललं. म्हनला, मामा, मुलगी झाली. बाळ-बाळंतीन ठीक हाईत. चार तास झाले.
म्हनलं, लई चांगलं. मल्लम्माला द्या.
म्हनला, आई अजून विमानात हाईत की. चार तासांनी उतरतील.
म्हनलं, रुद्रेश, नीट बगा. दुपारी एकलाच उतरली ती.
तो म्हनला, मामा, इथं आत्ता सकाळचे साडेआठ वाजलेत. इथं अजून एक वाजायचाय.
मी फोन धरून उभा राह्यलो. मी मुंबईहून धारूरला आलो. नगरला चहा पिलो. घाट चढून आलो. अन् ती अजून हवेतच.
म्हनलं, शिवकन्याजवळ कोन होतं?
म्हनला, नर्स होती. मी होतो. ती आईला हाक मारत होती.
बबनरावनं पंखा लावला.

१० नोव्हेंबर, सोमवार, संध्याकाळी
मल्लम्माचा फोन. आवाज जवळून आल्यासारखा.
म्हनली, पोचले. नात गोरी हाय, नाक तुमच्यावर गेलंय, काय करावं.
मग सांगितलं. जर्मनीत उतरली. कोपऱ्यात बसून पूजा केली, धपाटं खाल्लं. घड्याळात एक वाजला. वाजला तशी पिशवी घेऊन उठली अन् लोक बाहेर पडत होते तिकडं चालाय लागली. मी सांगितलं होतं तसंच. दारात एक पोलीस. त्याला म्हनली, शिवकन्या कुठाय? त्याला काय कळनार. एका गुजराती बाईनं पाह्यलं, तिकीट बगितलं, म्हनली, मावशी, हे शिकागो न्हाई, शिकागो अजून लई पुढं हाय. हात धरून माघारी आनलं अन् दुसऱ्या विमानात बसवलं. ती बाई नसती तर मी जर्मनीतच रस्ता इचारत फिरले असते, म्हनली.
म्हनलं, घड्याळ बरोबर होतं पन.
म्हनली, व्हय. घड्याळ बरोबर होतं.
मग म्हनली, मी पोचले तवा शिवकन्या जागी होती. बाळाला माझ्याकडं दिलं, अन् म्हनली, आई, तू नव्हतीस.
म्हनलं, दुसऱ्या बाळंतपनाला महिनाभर आधी धाडीन.
म्हनली, आता शिक्का हाय तवर इथंच ऱ्हाते, सहा महिने. मग तिनं इचारलं, जेवलाव का?
म्हनलं, जेवलो.
काय केलतं?
म्हनलं, पिठलं.
बरं, म्हनली. फोन पोरीला दिला. पोरगी म्हनली, अप्पा. बाळ रडत होतं. ते नीट ऐकू आलं.

११ नोव्हेंबर
भिवराबाईनं भाकरी आनून दिली. घेतली.
म्हैस घरी आनली. ती दाराकडं बगत उभी हाय. चारा पुढं टाकला, तोंड लावलं न्हाई. तिला सांगितलं, सहा महिने. काही कळलं असं वाटलं न्हाई.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
युसूफ वडगाव ह्या गावचा एक मानूस कासरा घ्यायला दुकानात आलता. त्याचा भाचा बी अमेरिकेला निघालाय म्हने. कुनीतरी त्याला सांगितलं होतं, धारूरच्या अप्पांना त्यातलं सगळं म्हाईत हाय. बबनराव बाकावर बसून ऐकत होता.
म्हनला, अप्पा, शिकागोला किती तास लागतात हो?
म्हनलं, मास्तरला इचार. शाळेत हाय. मला दोराचं इचार.